आठवीच्या आधी तीन आठवडे: विज्ञान आणि भूगोलाची उजळणी कुठून सुरू करावी

परळहून एका आईने विचारलं आहे: मुलगी सातवी पास होऊन आठवीत जाते आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. विज्ञानात गुण चांगले पडतात, पण प्रश्न जरा फिरवून आला की गप्प बसते. ‘हवा तापली की वर जाते’ हे तिला पाठ आहे. मात्र मावसभावाने ‘मग वर माथेरानला गार का?’ असं विचारलं तेव्हा तिला उत्तर सुचलं नाही. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. सहावी-सातवीचं सगळं पुन्हा करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू, आणि गाइड कोणतं आणू?

ताई, गाइड आणू नका. ज्या मुलीला व्याख्या पाठ आहेत तिच्या हातात गाइड दिलं की ती आणखी व्याख्या पाठ करेल. तिच्याकडे उत्तरं आहेत. ती उत्तरं एकमेकांना कशी जोडलेली आहेत, हे तिला दिसलेलं नाही. मी मुंबईत बरीच वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं. मावसभावाचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर द्यायला विज्ञानाच्या पुस्तकातली घनता आणि उष्णता लागते, आणि भूगोलाच्या पुस्तकातला हवेचा दाबही लागतो. मुलं ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या तासांना उघडतात आणि दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. उजळणी करायची ती हे कप्पे मोडण्यासाठी.

म्हणून धड्यांच्या क्रमाने जाऊ नका. मी सांगतो त्या क्रमाने जा: आधी घनता, मग उष्णता, मग हवेचा दाब आणि वारे. चंद्र, भरती-ओहोटी आणि ऋतू त्यानंतर. गती आणि बल मध्ये कुठेही बसवा. खडक शेवटी घ्या, ते सोपे आहेत आणि मुंबईत पायाखालीच आहेत.

पद्धत एकच ठेवा. काहीही करून बघण्याआधी तिने काय होईल ते वहीत लिहायचं, पेनाने. मग करून बघायचं, आणि अंदाज चुकला तर का चुकला तेही लिहायचं. तुम्ही उत्तर सांगायची घाई करायची नाही. पालकांना हेच सगळ्यात जड जातं. मूल दहा सेकंद गप्प राहिलं की आपण बोलून टाकतो.

आता घनता. ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे तिला येतच असेल. तिला एक बटाटा द्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करू दे, मग मापाच्या भांड्यात पाणी घेऊन बटाटा बुडवू दे आणि पाणी किती मिलिलिटरने चढलं ते बघू दे. भागाकार केला की १.०५ ते १.१ च्या दरम्यान काहीतरी येईल, म्हणजे पाण्यापेक्षा थोडं जास्त. बटाटा बुडणार हे आकड्यावरूनच कळलं. आता विचारा: गिरगाव चौपाटीच्या पाण्यात टाकला तर? समुद्राचं पाणी खारं, खाऱ्या पाण्यात वस्तू तरंगतात, म्हणून बहुतेक मुलं ‘तरंगेल’ म्हणतात. पण समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ असते, त्यामुळे बटाटा तिथेही बुडेल. लिटरभर पाण्यात वाटीभर मीठ विरघळवलं तर मात्र तो वर येईल. ‘खारं म्हणजे तरंगतं’ हा पाठ केलेला नियम इथे पडतो आणि आकड्यांची तुलना उरते. मला तेवढंच हवं आहे.

दुसरा प्रयोग खोबरेल तेलाचा. ते साधारण २४ अंशांना गोठतं, म्हणून जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी मुंबईतही बाटलीत घट्ट झालेलं दिसतं. आता मे महिना आहे, तेव्हा थोडं तेल वाटीत घालून फ्रिजमध्ये गोठवा आणि तो गोळा पातळ तेलात सोडा. शेजारी पाण्याच्या पेल्यात बर्फाचा खडा सोडा. बर्फ तरंगतो, तेलाचा गोळा तळाशी जातो. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि त्यांची घनता वाढते. पाणी उलट वागतं, गोठताना फुगतं. बर्फ तरंगण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की पाण्याचं वागणं हा अपवाद आहे हे ध्यानातच येत नाही. थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात, ते या अपवादामुळे. तिला हे आधी सांगू नका, तेलाचा गोळा बुडाल्यावर तिचा चेहरा बघा.

याच ओघात वस्तुमान आणि वजन उरकून टाका. भाजीवाल्याचा दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर कांदे किलोभरच भरतील, कारण कांदे आणि वजनाचं माप दोन्हीवरचं ओढणं सारखंच कमी होईल. स्प्रिंगचा काटा नेला तर तो सहावा हिस्सा दाखवेल. किलोग्रॅम हे वस्तुमान आहे. वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये मोजतात, आणि पृथ्वीवर एका किलोचं वजन सुमारे ९.८ न्यूटन असतं. इमारतीला लिफ्ट असेल तर वजनकाटा घेऊन तिला लिफ्टमध्ये उभं करा. लिफ्ट वर निघताना आकडा क्षणभर वाढतो, मधल्या मजल्यांवर नेहमीसारखा होतो, थांबताना कमी होतो. मधल्या मजल्यांवर आकडा का वाढत नाही, लिफ्ट तर वर चाललेलीच आहे ना? हा प्रश्न तिच्या वहीत दोन-तीन दिवस पडून राहिला तरी चालेल. एकसारख्या वेगाने जायला जादा बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. गतीच्या अख्ख्या धड्याचा गाभा एवढाच आहे, आणि मोटरमनने ब्रेक लावला की डब्यातले सगळे पुढे का झुकतात याचं उत्तरही त्यात आलं.

उष्णतेत तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली: सारखं ऊन मिळालं तरी सगळे पदार्थ सारखे तापत नाहीत. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या, एकीत कोरडी वाळू, दुसरीत पाणी, गच्चीवर अर्धा तास ठेवा. बोट लावून फरक कळतो, थर्मामीटर असेल तर आकडाच मिळेल. (तापाचा थर्मामीटर वापरू नका, काचेचा असेल तर फुटेल.) दुसरी: पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या आधणावर जो पांढरा धूर दिसतो तो वाफ गार होऊन झालेल्या बारीक थेंबांचा आहे. किटलीच्या तोंडाला लागून जी रिकामी दिसणारी जागा असते तिथे खरी वाफ असते. ढगसुद्धा थेंबांचे आणि हिमकणांचे असतात. ‘ढग म्हणजे वाफ’ असं लिहिणारी मुलं मी आठवी-नववीतही पाहिली आहेत. तिसरी: गार बाटलीला येणारा घाम बाटलीतून येत नाही. फ्रिजमधली बंद बाटली कोरडी पुसून काट्यावर ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा बघा. मुंबईच्या मेमधल्या दमट हवेत एक-दोन ग्रॅम तरी वाढलेले दिसतील. ते पाणी हवेतून आलं. माठातलं पाणी नागपूरला जेवढं गार होतं तेवढं मुंबईत होत नाही, आणि जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, याचंही कारण तेच. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की बाष्पीभवन मंदावतं.

एवढं झालं की वारे. भूगोलाच्या पुस्तकातली खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती तिला काढता येत असेल, पण बाण कुठून कुठे हे पाठ केलेलं असेल आणि परीक्षेच्या धावपळीत उलटं होत असेल. वाळू आणि पाण्याच्या वाट्या केलेल्या मुलीला बाण पाठ करावे लागत नाहीत. दिवसा जमीन जास्त तापते, तिच्यावरची हवा तापते, पसरते, विरळ होते. समुद्रावरची हवा त्या मानाने गार आणि दाट. दाट हवा खालून आत सरकते आणि विरळ हवेला वर ढकलते. ‘गरम हवा वर जाते’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. ती आपण होऊन वर जात नाही, पाण्यातला बूच जसा वर येतो तशी ढकलली जाते. घनतेपासून सुरुवात करा म्हटलं ते यासाठी.

मुंबईकराला हे पुस्तकाबाहेरही रोज कळतं. दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की अंगाची तगमग कमी होते. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा यायला उशीर होतो आणि पारा एकदम अडतीस-चाळिसावर जातो. त्या दिवसांत बातम्यांमध्ये कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे येतात. सांताक्रूझचा आकडा बहुधा जास्त असतो. का, ते तिला नकाशा पुढे ठेवून सांगू दे. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, एवढा इशारा पुरे. हेच मोठ्या प्रमाणावर, महिनोन्महिने, आशियाचा तापलेला भूभाग आणि हिंदी महासागर यांच्यात घडतं, तेव्हा मोसमी वारे येतात. मोसमी पावसाची खरी गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, पण सातवीच्या मुलीला एवढी पकड पुरते. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख हवामान खातं ११ जून धरतं, तेव्हा उजळणी संपता संपता प्रात्यक्षिक आपोआप दारात येईल.

आता मावसभावाचा प्रश्न. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. हवा तापून वर जाते तर तिथे जास्त गरम हवं, हा तर्क चुकीचा नाही, त्यात दोन कड्या गाळलेल्या आहेत. पहिली कडी: ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. दुसरी कडी: वर जाणाऱ्या हवेवर दाब कमी कमी होत जातो, कारण तिच्या डोक्यावर उरलेल्या हवेचा थर पातळ होत जातो. दाब कमी झाला की हवा पसरते, आणि पसरताना गार होते. सायकलच्या पंपात उलटं होतं: हवा दाबली की पंपाची नळी गरम लागते. सरासरी किलोमीटरमागे सुमारे साडेसहा अंश उतरतात. ८०० मीटरला किती? तिने त्रैराशिक मांडलं तर पाच अंशांच्या आसपास उत्तर येईल.

दाबाचा विषय निघालाच आहे तर डाळ शिजवून टाका. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. साधारण १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळीला वेळ लागतो. कुकरमध्ये दाब वाढवल्याने उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो, म्हणून तीच डाळ पटकन होते. ‘जोरात उकळलं की लवकर शिजतं’ हा समज घरातल्या मोठ्यांचाही असतो. गॅस मोठा केला की पाणी लवकर आटतं, तापमान तेवढंच राहतं.

पावसाच्या मोजमापावर एक संध्याकाळ घाला. ‘आज १०० मिलिमीटर पाऊस’ म्हणजे काय, असं विचारा. पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर सपाट जागेवर तेवढ्या उंचीचा थर साचला असता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. तुमच्या इमारतीची गच्ची १०० चौरस मीटर धरली तर त्या दिवशी तिच्यावर ९४,४०० लिटर पाणी पडलं असतं, दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर उरेल इतकं. आणि त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. एका शहराच्या दोन टोकांना एवढा फरक. आकारमानाची एककं, क्षेत्रफळ आणि हवामान एकाच गणितात आलं.

चंद्रावर मी जरा जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण इथे पक्के बसलेले गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. तिला विचारा, चंद्राच्या कला कशामुळे? ‘पृथ्वीच्या सावलीमुळे’ हे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. ते खोडायला व्याख्या लागत नाही. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना गच्चीवर जा. अर्धा चंद्र डोक्यावर असतो, सूर्य पश्चिमेला टेकलेला. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पूर्वेच्या क्षितिजाकडे पडणार. ती डोक्यावरच्या चंद्रापर्यंत पोहोचेल कशी? नाहीच पोहोचत. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो, तेवढंच बदलतं. सावलीची गोष्ट ग्रहणाची. घरात दिवे बंद करून एक बल्ब लावा, तिच्या हातात चेंडू द्या आणि हात लांब धरून तिला स्वतःभोवती फिरू दे. दोन फेऱ्यांत सगळ्या कला दिसतील.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. हे सांगायला आपल्याकडे आयतं साधन आहे, ते म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. त्यानंतरच्या चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, तो किती वाजता उगवेल? आजी उपास सोडायला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत का थांबते? तिने आधी हिशोब करायचा, मग कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ बघायची. वर्षभराच्या संकष्ट्या पाहिल्या तर वेळ थोडी पुढेमागे होते. ते का, हा प्रश्न आत्ता सोडून द्या.

हीच ५० मिनिटं भरतीत सापडतात. मुंबईत दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर. म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. किनाऱ्यावर चालत आलेला ढोबळ हिशोब असा: तिथीचा पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. अनंत चतुर्दशीला चौदाचे पाऊण साडेदहा. म्हणजे भरती सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, संध्याकाळी साडेचार-पाचला ओहोटी, आणि रात्री पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, ते चालायचंच. हिशोब करून मग पेपरातली किंवा महापालिकेने दिलेली भरतीची वेळ पडताळायची, आणि ओहोटीच्या वेळी हाजी अलीला जायचं. दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. पाणी किती उतरतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

उधाणाची भरती फक्त पौर्णिमेला येते असं मुलांना वाटतं. अमावास्येलाही येते, कारण दोन्ही वेळा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत असतात. सूर्याचा भरतीवरचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अष्टमीच्या आसपास तो काटकोनात पडतो आणि भरती नरम होते, ती भांगाची भरती. आणखी एक गैरसमज मोठ्यांचाही: जोराचा पाऊस पडला की समुद्राला मोठी भरती येते. पावसाचा भरतीशी काही संबंध नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की शहरातलं पाणी समुद्रात उतरत नाही, एवढाच काय तो संबंध. पर्जन्यवाहिन्या समुद्रात उघडतात आणि समुद्रच वर आलेला असतो. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी पंपाने उपसून समुद्रात टाकणारी केंद्रं, त्यासाठीच बांधली आहेत. पाणी उताराकडे वाहतं हे पाचवीतलं वाक्य. परळ-हिंदमातासारख्या सखल, पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ नव्याने सांगायला नको.

ऋतूंबद्दल एकच प्रश्न विचारा: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? उत्तर जानेवारीचा पहिला आठवडा. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात दूर असते. म्हणजे ‘जवळ म्हणून उन्हाळा’ बाद. राहिला आस कलण्याचा मुद्दा, साडेतेवीस अंशांचा. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो: १५-१६ मेच्या आणि २७-२८ जुलैच्या सुमाराला. त्या दोन दिवशी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. या वर्षीचा मे हुकला आहे. जुलैत ढग आड येण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यातच एक छान प्रश्न आहे: सूर्य जुलैतही डोक्यावर येतो, मग जुलै मेइतका का तापत नाही? सावली नाहीशी होते ती बारा वाजता नाही, मेमध्ये १२.३५ च्या सुमाराला आणि जुलैअखेर पावणेएकच्या आसपास. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि मुंबई जवळपास ७३ वर आहे. अंशाला चार मिनिटं याप्रमाणे फरक ३९ मिनिटांचा. मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या तेवढीच मागे होती. रेखावृत्तांची रुक्ष उदाहरणं सोडवून घेण्यापेक्षा हे एक पुरे.

गतीसाठी एक ऐतिहासिक उदाहरण. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. सरासरी चाल काढा. ताशी ३६ किलोमीटरच्या जवळपास येते. आता आजच्या धिम्या लोकलला तेवढ्याच अंतराला किती वेळ लागतो ते वेळापत्रकात बघून तिची काढा आणि कपाळाला हात लावा. (वाटेतली स्टेशनं मोजा, मग गाडीला बोल लावा.) ठाण्याला जाऊन परत आलं तर अंतर ६८ आणि विस्थापन शून्य. हा फरक तिला एकदा हसवून पटला की पुरे.

वीज आणि चुंबकत्व यांवर आत्ता दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका, आठवीत नव्याने येणारच आहे. पेन्सिल सेल, छोटा बल्ब आणि वायरी एवढ्यावर काम भागतं. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी काही करायचं नाही, हे तिला आणि धाकट्या भावंडांना बजावून ठेवा. स्थितिक विद्युतचा कंगवा आणि कागदाच्या कपट्यांचा प्रयोग मात्र आत्ता करू नका. मे ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इतकी आर्द्रता असते की कंगव्यावर प्रभार टिकत नाही, कपटे ढिम्म हलत नाहीत, आणि मूल निष्कर्ष काढतं की पुस्तकातलं खोटं असतं. जानेवारीत करा, नाहीतर एसीच्या खोलीत. ऊर्जेच्या रूपांतरासाठी खोपोलीचं उदाहरण घ्या: लोणावळ्याकडच्या धरणांतलं पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून तिथे वीज तयार होते. स्थितिज, गतिज, विद्युत, सगळं एका ओळीत.

आता खडक, आणि इथे घराबाहेर पडायची गरजही नाही. स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर तो अग्निजन्य. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो भूशास्त्राच्या हिशोबाने बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतो, पण अग्निजन्य असतोच. जुन्या ओट्याचा कडाप्पा किंवा जिन्यातली कोटा फरशी स्तरित, दोन्ही चुनखडीचे प्रकार. देवघराचा संगमरवर रूपांतरित, तोही मुळात चुनखडकच. फरशीवाल्याकडून तिन्हींचे फुटके तुकडे मागून आणा, खिळ्याने थोडे खरवडा आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. चुनखडकाला आणि संगमरवराला बुडबुडे येतील, ग्रॅनाइटला नाही. देवघरावर प्रयोग करू नका, डाग पडतो आणि मग मला पत्र येतं.

बाहेर पडायचंच असेल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. साधारण साठ मीटर उंच, बेसाल्टच्या उभ्या खांबांची. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पसरला आणि त्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. तो बराचसा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळलेला नाही, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आला. ज्वालामुखी म्हटलं की मुलं टोकदार डोंगर काढतात, महाराष्ट्रातल्या मुलांनी तरी भेग काढावी असं मला वाटतं. खांब कसे झाले? लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभे तडे गेले. घट्ट होताना आकसणं, म्हणजे पुन्हा खोबरेल तेल. ती हे आपण होऊन म्हणाली तर त्या दिवशी वही बंद करा आणि तिला आइस्क्रीम द्या. फोर्टात गेलात तर गेटवेचा बेसाल्ट आणि फ्लोरा फाउंटनचा इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड दगड, तो चुनखडक, एका फेरीत बघून होतात. पावसात फिरणं नको असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, पण तिथे ती यादी संपवत पळणार असेल तर नेऊ नका. एकाच दालनात तासभर बसू दे.

भौतिक आणि रासायनिक बदल, अणू-रेणू, आम्ल-आम्लारी हे मी मुद्दाम सोडलं आहे. आठवीचं पुस्तक त्यांची सुरुवात पुन्हा नीट करतं. प्रकाश राहिला तर राहू द्या. तीन आठवडे संपल्यावर तिची परीक्षा घ्यायची असेल तर मावसभावाला जेवायला बोलवा आणि त्याला हवे ते पाच प्रश्न विचारू द्या. फक्त त्याची उत्तरंही तिने तपासायची, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही.